माणसं बाहेर पडल्यावर कुत्र्याचं काय होतं?

कुत्र्याच्या बहुतेक दुखण्यांची पहिली खबर घरच्यांनाच लागते. लंगडतोय, जेवत नाही, अंग खाजवतोय, हे सगळं डोळ्यांसमोर घडतं. एकटं सोडल्यावर त्याच्या जिवाची होणारी घालमेल मात्र घरचे नसतानाच होते, आणि तिची खबर देतात शेजारी. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार येते, वॉचमन सांगतो, नाहीतर संध्याकाळी दार उघडल्यावर चौकटीचं कुरतडलेलं लाकूड दिसतं. तोवर कुत्रा आपल्याला पाहून आनंदाने नाचत असतो, त्यामुळे मधल्या तासांत त्याच्यावर काय गुजरलं याचा अंदाज येत नाही. या प्रश्नावर गेल्या काही दशकांत झालेल्या वादांपैकी बरेचसे इथूनच आले आहेत. ज्याचा निवाडा करायचा, ते कुणी पाहिलेलंच नव्हतं.

पशुवैद्यकात या अवस्थेला ‘सेपरेशन अँग्झायटी’ म्हणतात. भुंकणं, विव्हळणं, दार-खिडक्यांना नखं मारणं, शिकवलेलं असूनही घरात शी-शू करणं, लाळ गळणं, धापा टाकत येरझाऱ्या घालणं, आवडीचा खाऊ समोर असून तोंड न लावणं ही तिची नेहमीची लक्षणं. बहुतेक कुत्र्यांत ती दार लागल्यावर काही मिनिटांतच, फार तर अर्ध्या तासात सुरू होतात. यातलं एकही लक्षण एकट्या याच आजाराचं नाही. दात येणारं पिल्लू चप्पल चावतं, मूत्राशयाच्या संसर्गाने कुत्रा घरात शू करतो, म्हाताऱ्या कुत्र्याचा मेंदू थकला की तो भलत्या वेळी ओरडतो, आणि जिन्यात पाऊल वाजलं की राखणदारीपायी भुंकणारे तर घरोघरी असतात. म्हणून निदानाची पहिली पायरी ही सगळी कारणं एकेक करून बाजूला काढण्याची असते. उतारवयात हे अचानक सुरू झालं, तर आधी रक्त-लघवी तपासून, दुखणं शोधून मगच वर्तनाकडे वळावं, यावर सगळ्यांचं एकमत आहे. या विषयात एकमत थोडं आहे, म्हणून ते आधी नोंदवलं.

वळण नाही, की भीती?

या प्रश्नाचं शास्त्र सुरू झालं पिल्लांच्या रडण्यापासून. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथल्या जॅक्सन लॅबोरेटरीत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर बरीच वर्षं काम केलं आणि १९६५ साली त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी आणि माणसांशी नातं जोडतं, आणि ते केवळ खाऊ घालणाऱ्या हातामुळे जुळत नाही, हे त्यांनी दाखवलं. अनोळखी जागी एकटं ठेवलेलं पिल्लू लगेच आणि जोराने ओरडतं. त्या ओरडण्याला शिकवणीची गरज नसते. कळपात जगणाऱ्या प्राण्याच्या पिल्लाला आई-भावंडांनी शोधून काढावं, यासाठी निसर्गाने दिलेली ती हाक आहे.

तरीही दवाखान्यात आणि प्रशिक्षकांकडे मोठ्या कुत्र्याचं हेच वागणं बराच काळ आगळीक मानलं गेलं. तो सूड उगवतो, मुद्दाम नासधूस करतो, त्याला आपली चूक कळते म्हणूनच परतल्यावर मान खाली घालतो, हा समज आजही आपल्याकडे पक्का आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात व्हॅलरी व्हॉइथ आणि पीटर बोर्शल्ट यांनी या तक्रारींची पद्धतशीर मांडणी केली आणि माणसांपासून दूर होण्याशी निगडित असं स्वतंत्र निदान पशुवैद्यकांपुढे ठेवलं. मान खाली घालण्याचं कोडं पुढे २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या बार्नर्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी एका छोट्या प्रयोगात सोडवलं. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, यावर तो ‘अपराधी’ चेहरा अवलंबून नव्हता. मालक रागावला की नाही, यावर होता. तो चेहरा आपल्या आवाजाला दिलेली प्रतिक्रिया असते.

दुसरं वळण आलं बुडापेस्टमधून. लहान मुलाचं आईशी नातं तपासण्यासाठी मेरी एन्सवर्थ यांनी एक कसोटी तयार केली होती: अनोळखी खोली, अनोळखी माणूस, आईचं थोडा वेळ जाणं आणि परत येणं. योझेफ टोपाल, आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच कसोटी ५१ कुत्रे-मालक जोड्यांवर लावून १९९८ मध्ये निष्कर्ष छापले. मालक खोलीत असताना कुत्री अधिक मोकळेपणाने खेळत, हुंगत फिरत. तो गेला की दाराशी जाऊन उभी राहत. मालक हा कुत्र्यासाठी निर्धास्तपणाचा आधार असतो, हे त्यानंतर नाकारणं अवघड झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कुत्र्यांच्या या त्रासावर क्लोमिप्रामीन या औषधाला मान्यता दिली. वळणाचा प्रश्न अधिकृतरीत्या आजार ठरला तो तेव्हापासून.

किती कुत्र्यांना होतं?

याचं उत्तर कुणाला आणि कसं विचारलं यावर अवलंबून आहे. हेलसिंकी विद्यापीठातल्या हान्नेस लोही यांच्या गटाने २०२० मध्ये १३,७०० फिनिश कुत्र्यांची माहिती मालकांकडून प्रश्नावलीने गोळा केली. मोठ्या आवाजांना घाबरणारी कुत्री ३२ टक्के निघाली, एकटं राहण्याचा त्रास असलेली फक्त ५ टक्के. याउलट ब्रिटनमधल्या ‘जनरेशन पप’ या दीर्घकालीन पाहणीत सहा महिन्यांच्या १४५ पिल्लांपैकी जवळपास ४७ टक्क्यांत विलगतेशी जोडलेलं काही ना काही वर्तन दिसलं. जॉन ब्रॅडशॉ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लॅब्राडॉर आणि बॉर्डर कोली पिल्लांचा मागोवा घेतला होता, तेव्हाही निम्म्याच्या आसपास पिल्लांत हे केव्हा ना केव्हा आढळलं होतं.

५ आणि ४७ यांत इतकं अंतर पडतं, कारण एका ठिकाणी आजाराएवढा तीव्र त्रास मोजला जातो आणि दुसऱ्या ठिकाणी पिल्लाचं थोडं रडणंही. शिवाय मुकाट्याने त्रास सोसणारी कुत्री प्रश्नावलीत सापडत नाहीत. दारासमोर थरथरत बसून राहिलेला, सहा तास पाणीही न प्यालेला कुत्रा कुणाची झोपमोड करत नाही, सोफा फाडत नाही. त्याच्या नावे तक्रार नाही, म्हणून नोंदही नाही. माझ्या मते या क्षेत्रात अलीकडे पडलेला सर्वांत मोठा फरक म्हणजे स्वस्त झालेला घरगुती कॅमेरा. कोणत्याही उपचारापूर्वी निघाल्यानंतरच्या अर्ध्या तासाचं चित्रण पाहावं, हा आग्रह आता सगळे जाणकार धरतात. जुना फोन खिडकीत टेकवून ठेवला तरी ते काम होतं.

लाडाने होतं का?

सर्वांत जुना आणि मालकांच्या मनाला सर्वांत जास्त लागणारा वाद हाच आहे. ‘डोक्यावर चढवून ठेवलाय’, ‘पलंगावर झोपवता म्हणून असं होतं’ ही वाक्यं प्रत्येक कुत्रेवाल्या घराने ऐकलेली असतात. शास्त्रातही या मताला ‘अतिजवळीक’ या नावाने बराच काळ जागा होती: कुत्रा माणसाला इतका चिकटतो की त्याच्याशिवाय राहू शकत नाही. म्हणून उपचार सांगितला जाई की त्याला कमी कुरवाळा, मागे मागे फिरू देऊ नका, वेगळं झोपवा.

या मताच्या बाजूने पुरावा नाही असं नाही. जेरार्ड फ्लॅनिगन आणि निकोलस डॉडमन यांनी २००१ मध्ये हा त्रास असलेल्या आणि नसलेल्या प्रत्येकी २०० कुत्र्यांची तुलना केली. एकच प्रौढ माणूस असलेल्या घरातल्या कुत्र्यांत त्रासाची शक्यता सुमारे अडीच पट होती, आणि मालकाला चिकटून राहण्याच्या काही खुणांशीही त्याचा संबंध दिसला. पण त्याच अभ्यासात पलंगावर झोपवण्यासारख्या लाडांचा संबंध आढळला नाही. घरात दुसरा प्राणी असल्या-नसल्यानेही फरक पडला नाही. सोबतीला दुसरं कुत्रं आणा म्हणजे सुटेल, हा सल्ला सर्रास दिला जातो, त्याला या आकड्यांचा आधार मिळत नाही. बऱ्याच कुत्र्यांना हवी असते ती माणसाची सोबत.

पुढे २००६ मध्ये वल्ली पार्थसारथी आणि शॅरन क्रोवेल-डेव्हिस यांनी एन्सवर्थची कसोटीच त्रास असलेल्या आणि नसलेल्या कुत्र्यांना लावली. त्रास असलेली कुत्री मालकाला अधिक चिकटतात, असं त्यांना आढळलं नाही. फरक होता तो जवळिकीच्या प्रकारात. हंगेरीतल्या वेरोनिका कोनोक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये आणखी एक पदर उलगडला: नात्यात स्वतःच अंतर राखणाऱ्या मालकांच्या कुत्र्यांत हा त्रास जास्त नोंदला गेला. म्हणजे कमी माया हाही सुरक्षित मार्ग ठरत नाही. आधार केव्हा मिळेल याचा भरवसा नसलेला कुत्रा जास्त धास्तावतो, असा अर्थ काही अभ्यासक यातून काढतात. तो पटण्याजोगा आहे, पण अजून सिद्ध झालेला नाही.

आनुवंशिकता, आश्रयगृहातलं वास्तव्य, घर बदलणं, घरातलं माणूस दुरावणं, दिनक्रम एकाएकी बदलणं या कारणांकडेही बोट दाखवलं जातं. शेवटच्या कारणाची मोठी परीक्षा कोविडच्या टाळेबंदीने घेतली. ब्रिटनमधल्या डॉग्ज ट्रस्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये त्याच कुत्र्यांची आधी आणि नंतर माहिती घेतली, तेव्हा त्रास असलेल्यांचं एकूण प्रमाण सुमारे २२ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर उतरलेलं दिसलं. मात्र दहातल्या एका कुत्र्याने तोवर नसलेली लक्षणं दाखवली, आणि ज्यांचा एकटेपणाचा वेळ टाळेबंदीत सर्वाधिक घटला होता त्यांना धोका अधिक होता.

हे सगळं एकत्र ठेवल्यावर मला एवढं ठामपणे म्हणावंसं वाटतं की लाडाचा ठपका ठेवण्याइतका पुरावा कुणापाशी नाही. अपराधी भावनेने खचलेल्या घराला उपचाराचे कष्ट झेपत नाहीत, म्हणून ही गोष्ट स्पष्ट सांगायला हवी.

एक आजार की अनेक?

इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात डॅनिएल मिल्स यांच्या गटाने २०२० मध्ये शंभरहून अधिक जातींच्या २,७०० हून जास्त कुत्र्यांच्या माहितीची सांख्यिकी छाननी केली. त्यांना एकच एक आजार दिसला नाही, चार वेगवेगळे आकृतिबंध दिसले. काही कुत्र्यांना बाहेर निघून जायचं असतं आणि दार अडवतं म्हणून ती त्यावर तुटून पडतात. काही बाहेरच्या आवाजांनी, हालचालींनी पेटतात. काही गप्प आक्रसून बसतात. आणि काहींना फक्त कंटाळा आलेला असतो. या मांडणीनुसार ‘सेपरेशन अँग्झायटी’ हे तापासारखं लक्षण आहे, त्यामागचा रोग दरवेळी शोधावा लागतो.

या मतावर आक्षेप असा की चौकटी आकडेवारीतून निघाल्या, खोलीत बसलेला खरा कुत्रा दोन-तीन चौकटींत एकदम बसतो, आणि प्रत्येक चौकटीला वेगळा उपचार अधिक लागू पडतो हे अजून दाखवायचं आहे. तरी उपयोग आहेच. कंटाळलेल्या कुत्र्याला सकाळचा मोठा फेरफटका आणि हुंगायचं-चघळायचं काम दिलं की भागतं. घाबरलेल्या कुत्र्याला कितीही पळवून दमवलं तरी तो दमलेला आणि घाबरलेला राहतो. आपल्याकडचा ‘खूप फिरवा, सगळं ठीक होईल’ हा सल्ला नेमका इथे फसतो.

ही भीती त्या काही तासांपुरतीच असते, की कुत्र्याच्या एकूण मनःस्थितीवरच तिची छाया असते? ब्रिस्टलमधल्या माइक मेंडल यांच्या गटाने २०१० मध्ये आश्रयगृहातल्या २४ कुत्र्यांवर याचा सुरेख प्रयोग केला. एका कोपऱ्यातल्या वाटीत खाऊ असतो, दुसऱ्या कोपऱ्यातली रिकामी असते, हे शिकवल्यावर वाटी मधोमध ठेवली. एकटेपणाचा त्रास जास्त असलेली कुत्री तिच्याकडे रेंगाळत गेली, खाऊ नसणारच असं धरून चालल्यासारखी. पुढे लिंकनमध्ये फ्लुओक्सेटीन आणि वर्तन-उपचार घेतलेल्या कुत्र्यांत हा निराश कल ओसरलेलाही दिसला. एकटं नसतानाही ती कुत्री आतून खचलेली असतात, हे यातून निघतं.

हळूहळू शिकवणं

उपचाराचा गाभा मात्र बराच काळ एकच आहे. एकटेपणाचा इतका छोटा तुकडा द्यायचा की कुत्रा घाबरणारच नाही, आणि तो तुकडा त्याच्या कलाने वाढवत न्यायचा. तीव्र त्रास असेल तर सुरुवात दाराच्या कडीला हात लावून परत येण्यापासून होते. मग दार उघडणं, बाहेर पाऊल टाकणं, दार ओढून घेऊन दोन सेकंद थांबणं. फोनवर कॅमेऱ्यातून सतत बघत राहायचं आणि कान मागे गेले, धाप लागली, ओठ चाटायला लागला की वेळ कमी करायचा. वाढही सरळ रेषेत करायची नसते; लांबच्या मुदतीनंतर एखादी छोटी, मग मधली, असं चालतं. पोहायला शिकणाऱ्याला खोल पाण्यात ढकलून देण्याची पद्धत इथे चालत नाही, कारण कुत्रा शेवटी गप्प झाला तरी तो सरावला की खचला, हे बाहेरून ओळखता येत नाही.

यातली खरी कठीण अट वेगळीच आहे. सराव चालू असेपर्यंत कुत्र्याला त्याच्या सहनशक्तीपलीकडे एकटं सोडायचंच नाही. मलेना डीमार्टिनी यांच्यासारखे केवळ याच विषयावर काम करणारे प्रशिक्षक ही अट काटेकोर मानतात: सकाळी पाच मिनिटांचा सराव आणि दुपारी सहा तास एकटा, यात सकाळची कमाई वाया जाते. दुसऱ्या बाजूचे पशुवैद्य म्हणतात की नोकरी करणाऱ्या माणसाला हे महिनोन्महिने जमणार नाही आणि अशक्य अट घातली की तो उपचारच सोडून देतो. त्यांच्या बाजूला एक लक्षणीय निष्कर्ष आहे. युकारी ताकेउची, कॅथरिन हौप्ट आणि जेनेट स्कार्लेट यांच्या २००० मधल्या पाहणीत पाचाहून अधिक सूचना मिळालेल्या मालकांच्या कुत्र्यांत सुधारणा कमी दिसली. दोन्ही बाजू खऱ्याच बोलत आहेत. पहिली कुत्र्याबद्दल बोलते, दुसरी घराबद्दल.

पुरावा विचाराल तर तो दिशेने चांगला आणि वजनाने हलका आहे. क्रमवार सरावाने लक्षणं घटतात असं लहान अभ्यासांतून दिसतं, पण बहुतेक ठिकाणी कुत्री थोडी, मुदत छोटी आणि सुधारणेचं माप मालकाच्या सांगण्यावर.

कोंडून ठेवण्याबद्दल बोलायलाच हवं. पिंजऱ्याची चांगली सवय असलेल्या पिल्लाला तो आसरा वाटू शकतो. जनरेशन पपच्या पाहणीत रात्री ठरावीक जागी ठेवलेल्या आणि नऊ तास किंवा अधिक झोप मिळालेल्या पिल्लांत हा त्रास कमी होता. पण आधीच घाबरणाऱ्या मोठ्या कुत्र्याला पिंजऱ्यात घातलं तर त्याचे दात तुटतात, नखं उखडतात. आपल्याकडे पिंजऱ्याऐवजी बाल्कनी, बाथरूम किंवा साखळी असते. परिणाम तोच, वर उन्हाची भर. भुंकल्यावर झटका देणारे किंवा फवारा मारणारे पट्टे आवाज थांबवतात आणि भीती आत तशीच ठेवतात. शिक्षेविरुद्ध आज या क्षेत्रात जवळपास पूर्ण एकमत आहे.

निघताना, परतताना

निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं कुत्र्याकडे दुर्लक्ष करा, परतल्यावरही तो शांत होईपर्यंत बोलू नका, हा सल्ला इतका रूढ आहे की त्याची तपासणी उशिराच झाली. इटलीतल्या कियारा मारिती यांच्या गटाने २०१८ मध्ये दहा कुत्र्यांवर प्राथमिक प्रयोग केला, तेव्हा निघण्यापूर्वी मालकाने कुरवाळलेली कुत्री अधिक शांत राहिली. टेक्सासमध्ये नव्याने दत्तक गेलेल्या कुत्र्यांवर झालेल्या एका अभ्यासात निरोप घेतला-न घेतला याने त्रासात फरक पडला नाही. दुसरीकडे, परतल्यावर पिल्लाने केलेला गोंधळ पाहून त्याला गोंजारण्याचा आणि पुढच्या त्रासाचा संबंध जनरेशन पपमध्ये दिसला. तिथे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे सांगता येत नाही. घाबरलेल्या पिल्लाला जास्त गोंजारलं जाणं स्वाभाविकच आहे. शांतपणे पाठीवर हात फिरवून निघण्यात मला तरी काही गैर दिसत नाही.

किल्ल्या, बूट, लॅपटॉपची बॅग या खुणांचा वाद जास्त गमतीचा आहे. जुनी रीत अशी: दिवसातून अनेकदा किल्ल्या वाजवायच्या आणि घरातच बसायचं, म्हणजे खूण बोथट होते. बार्सिलोनातल्या मार्ता आमात आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याला हरकत घेतली. खूण बोथट झाली तर माणूस केव्हा जाईल याचा अंदाजच उरत नाही, आणि अंदाज नसलेला प्राणी सदासर्वदा सावध राहतो. किल्ली वाजली नाही म्हणजे कुणी जात नाही, हा दिलासाही कुत्र्याला लागतो. त्यांचा युक्तिवाद मला वजनदार वाटतो. दोन्ही रीतींची थेट तुलना झाल्याशिवाय मात्र निकाल लागणार नाही.

निघताना दहीभात किंवा पनीर भरलेलं रबरी खेळणं द्यावं का? कंटाळ्यावर ते उत्तम. भीतीत अन्न जात नाही, म्हणून तिथे ते उपचारापेक्षा कसोटी म्हणून उपयोगी: आपण परतल्यावरच त्याने ते चाटून पुसून खाल्लं, तर मधला वेळ तो शांत नव्हता.

औषधांची बाजू

क्लोमिप्रामीननंतर २००७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटीनची चघळायची गोळी याच त्रासासाठी मान्य झाली. बार्बरा सिम्पसन यांच्या आठ आठवड्यांच्या चाचणीत वर्तन-उपचारासोबत हे औषध घेतलेल्या ७२ टक्के कुत्र्यांत सुधारणा झाली, आणि नुसती बिनऔषधाची गोळी व तोच उपचार मिळालेल्यांत ५० टक्के. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचायला हवेत. औषधाने फरक पडतो. निम्म्या कुत्र्यांना त्याशिवायही बरं वाटतं. क्लोमिप्रामीनबाबत २००० मधली मोठी चाचणी अनुकूल होती, तर त्याआधी १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये अँथनी पॉडबर्सेक आणि सहकाऱ्यांना वर्तन-उपचारावर त्याची वेगळी भर दिसली नव्हती.

म्हणून दोन मतं आहेत. एक म्हणतं, आधी सराव. काही महिन्यांत हललं नाही तर गोळी. दुसरं म्हणतं, तीव्र भीतीत शिकणंच होत नाही, तेव्हा सुरुवातीलाच औषध देऊन शिकण्याला वाट करून द्या. उशीर केला तर कुत्रा तेवढे महिने भीतीत काढतो. पशुवैद्यक वर्तनतज्ज्ञांचा कल अलीकडे दुसऱ्या मताकडे झुकला आहे. या गोळ्यांचा परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात आणि त्या कुत्र्याला गुंगीत ठेवण्यासाठी नसतात. एसप्रोमॅझीनसारखं नुसतं शरीर सुस्त करणारं, मनातली भीती तशीच ठेवणारं औषध पूर्वी दिलं जाई, ते आता या कामासाठी नको मानतात.

आपल्याकडच्या वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. फ्लुओक्सेटीन आणि क्लोमिप्रामीन माणसांनाही देतात, त्यामुळे त्या गोळ्या घरात असू शकतात. त्या आपल्या मनाने कुत्र्याला देऊ नयेत. गोचिडांसाठी आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं अमिट्राझ आणि ही औषधं एकत्र धोकादायक ठरतात. फिट येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं लागतं.

आपल्याकडची घरं

वर आलेले अभ्यास युरोप-अमेरिकेतल्या कुत्र्यांवर झालेले आहेत. आपल्या आजोबांच्या पिढीतला कुत्रा वाड्याच्या दारात, शेतावर किंवा गल्लीत राहायचा. घर रिकामं होण्याचा प्रसंगच विरळा. आज पुणे, ठाणे, नाशिकमध्ये दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोघं नोकरीला जाणारी आणि एक कुत्रा हे नेहमीचं चित्र झालं आहे. प्रवास धरून दहा-अकरा तास घर बंद. रस्त्यावरून उचललेलं देशी पिल्लू, ज्याचे पहिले महिने भावंडांत आणि चहाच्या टपरीवरच्या माणसांत गेले, त्याच्यासाठी बंद दार हीच नवी गोष्ट असते. त्यात दिवाळी. एकटेपणाची आणि मोठ्या आवाजांची भीती एकाच कुत्र्यात पुष्कळदा एकत्र सापडते, आणि एकटं असताना फटाके वाजले तर एक भीती दुसरीला बळ देते. त्या आठवड्यात नवा सराव सुरू न करणं आणि कुत्र्याला एकटं न सोडणं बरं.

शेजाऱ्यांचा प्रश्नही इथे जास्त टोकदार आहे, कारण भिंती सामायिक आहेत. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. त्याच सूचना मालकांना, विशेषतः रात्री, कुत्रा शांत राहील याची काळजी घ्यायला सांगतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ कुत्र्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधणं आणि कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवणं टाळणं, या दोन्ही गोष्टी क्रूरतेत मोडतात असं सांगतं. भुंकणं थांबवायला बांधून ठेवणारा मालक शेजाऱ्यांचं समाधान करताना कायद्याच्या चुकीच्या बाजूला जाऊ शकतो.

आपली एक जमेची बाजूही आहे. डीमार्टिनींची अट अमेरिकेतल्या एकट्या माणसाला जेवढी जड जाते, तेवढी इथे जाईलच असं नाही. आजी-आजोबा, दिवसभर घरी असणारी शेजारीण, कामाला येणाऱ्या मावशी, समोरच्या फ्लॅटमधला कॉलेजला जाणारा मुलगा यांच्यात तास वाटून घेता येतात. शेजाऱ्यांना कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवून ‘तो त्रास देत नाहीये, त्रासात आहे’ हे सांगितलं, तर तक्रार करणारं घरच दुपारचा एक तास सांभाळायला पुढे येऊ शकतं.

न सुटलेलं

कोणता कुत्रा सरावाने बरा होईल, कोणाला औषध लागेल आणि कोणाला दोन्ही देऊनही कायम सोबतच लागेल, हे आधी ओळखण्याची खूण अजून सापडलेली नाही. पिल्लूपणी थोडं थोडं एकटं ठेवण्याची सवय लावली तर पुढचा त्रास टळतो, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. ते पटतंही, पण त्याला भक्कम आधार देणारे दीर्घ अभ्यास थोडेच आहेत. नसबंदीचा प्रश्नही लोंबकळत आहे. फ्लॅनिगन-डॉडमन यांच्या पाहणीत नसबंदी न झालेल्या कुत्र्यांत त्रासाची शक्यता एक-तृतीयांश होती. पण नसबंदी झालेल्या कुत्र्यांत आश्रयगृहातून आलेली, घरं बदललेली कुत्री अधिक असू शकतात. एवढ्यावरून नसबंदी टाळणं घाईचं होईल, आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नात तर नक्कीच.

आणि सर्वांत अवघड प्रश्न निरोगी कुत्र्याबद्दलचा आहे: त्याला तरी किती वेळ एकटं ठेवावं? स्वीडनमध्ये तेरेसे रेन आणि लिंडा कीलिंग यांनी २०११ मध्ये त्रास नसलेल्या कुत्र्यांना अर्धा तास, दोन तास आणि चार तास एकटं ठेवून पाहिलं. दोन तासांनंतर मालक परतल्यावर त्यांची लगबग अर्ध्या तासानंतरच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त होती. चार तासांनंतर त्यात आणखी मोठी भर पडली नाही. एकटेपणा जाणवतो एवढं त्यावरून कळतं, पण मर्यादा कुठे आखावी हे कळत नाही. स्वीडनच्या नियमांनी दिवसा दर सहा तासांनी कुत्र्याला बाहेर नेणं बंधनकारक केलं आहे. पुण्या-मुंबईतल्या अकरा तासांच्या दिवसाला हा नियम लावला, तर दुपारी कुणीतरी घरी यावंच लागतं. तो माणूस कोण, हे पिल्लू घरी आणण्याआधी ठरवता येतं.